‘पाय घसरला’ एवढ्यावर थांबू नका

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

ट्रेक, रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), राफ्टिंग अशा लीडरबरोबर केल्या जाणाऱ्या साहसी उपक्रमांत दुखापती का होतात, याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत सारख्या मजकुराची पत्रं बरीच होती, त्यामुळे काही प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (पुणे) : एका ग्रुपबरोबर ट्रेकला गेलेल्या माझ्या मुलीचा उतरताना घोटा मोडला. आयोजक म्हणतात, ‘तिचं लक्ष नव्हतं, पाय घसरला.’ इतकंच कारण असतं का?

‘पाय घसरला’ हे झालं शेवटच्या सेकंदाचं वर्णन. कारण शोधायचं तर त्या दिवसाचं घड्याळ मागे फिरवावं लागतं.

आधी शरीराचं बघू. चढताना दम लागतो, पण दुखापती जास्त होतात त्या उतरताना. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात, म्हणजे ताणले जात असतानाच आवळून धरायचं. हे काम चार-पाच तास झालं की स्नायू उशिरा साथ देतात, पाऊल आपटत पडायला लागतं आणि घोटा आत वळला तर सावरायला वेळ उरत नाही. त्यात सह्याद्रीतला घसारा. बेसाल्ट झिजून झालेला मुरूम आणि बारीक खडे कडक कातळावर सुटे पडलेले असतात. त्यावर पाय ठेवणं म्हणजे फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय ठेवणं.

आता घड्याळ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरतात : सपाटीवर दर 5 किलोमीटरला 1 तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी 1 तास. समजा, वाट 6 किलोमीटरची आणि चढाई 900 मीटरची. हिशेब येतो 2 तास 42 मिनिटं. पण हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा, थांबे न धरता. नवख्या चाळीस जणांच्या ग्रुपला दीडपट वेळ धरला तरी 4 तास झाले. वाटेत एक रॉकपॅच (हात-पाय वापरून चढायचा कातळाचा टप्पा) असेल आणि प्रत्येकाला दीड मिनिट लागलं, तर शेवटचा माणूस वर यायला आणखी 1 तास. पायथ्याचं गाव सकाळी 6 ऐवजी 8:30 ला सोडलं, तर माथ्यावर पोहोचेपर्यंत दुपारचे दीड वाजतात. खाली परतीची बस उभी, कुणाला शेवटची लोकल गाठायची. मग उतरताना ‘चला, चला’ सुरू होतं.

एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढचे लोक थांब्यावर बसून मागच्यांची वाट बघतात आणि शेवटचा माणूस पोहोचला की लगेच ‘निघूया’ होतं. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याच वाट्याला ती येत नाही. उतारावर घोटा मुरगळणारा माणूस बहुधा हाच असतो, आणि ‘लक्ष नव्हतं’ हा ठपकाही त्याच्याच माथी बसतो.

मुंबई-पुण्याच्या ट्रेकची वेळापत्रकंही बघा : रात्री 11 ला बस, पहाटे 3-4 ला पायथा, थोडी डुलकी आणि चढाई. सहभागी तर अपुऱ्या झोपेवर असतातच, पण तीच बस तशीच करून आलेला लीडरही न झोपलेलाच असतो.

तेव्हा आयोजकांना चार गोष्टी विचारा. पायथा किती वाजता सोडला? मागे फिरायची वेळ आधी ठरवून सर्वांना सांगितली होती का? ती पडली तेव्हा शेवटचा लीडर तिच्या मागे होता की पुढे? नोंदणीच्या वेळी बुटांच्या तळव्यांबद्दल काही सांगितलं होतं का? उत्तरं मिळाली नाहीत तर तेही एक उत्तरच.

अशा वेळी कामी येणारी एक खूण : घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर दाबल्यावर दुखलं, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढल्याशिवाय ‘नुसता मुरगळला’ म्हणू नये.

प्रश्न (ठाणे) : मुलाच्या शाळेच्या शिबिरात रॅपलिंग आणि व्हॅली क्रॉसिंग आहे. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. पालकांनी काय बघावं?

व्हॅली क्रॉसिंगमध्ये, म्हणजे दरीवर बांधलेल्या दोराला लटकून पलीकडे जाताना, लोकांना ताठ दोर सुरक्षित वाटतो. तसा तो नसतो. दोन टोकांमधलं अंतर 100 मीटर आणि मधोमध 80 किलोचा माणूस असं धरा. त्याच्या वजनाने दोर मध्यभागी 10 मीटर खाली येत असेल, तर प्रत्येक टोकाच्या अँकरवर (दोर ज्याला बांधलाय त्या आधारावर) सुमारे 200 किलोचा ताण येतो. दोर जास्त ओढून झोळ 5 मीटरवर आणला की ताण 400 किलो. झोळ फक्त 2 मीटर ठेवला की तो 1000 किलोच्या घरात जातो. माणूस तोच, दोर तोच, फरक फक्त किती कसलंय याचा. दोराला गाठ मारली की त्याची ताकद एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कमी होते. शिवाय मध्यावर पोरं उड्या मारतात, त्याचा झटका वेगळाच. ‘मधे थांबावं लागू नये म्हणून टाइट केलाय’ असं कुणी सांगितलं, तर त्याला हा हिशेब ठाऊक नाही असं समजा.

अँकर किमान दोन असावेत, एकमेकांवर अवलंबून नसलेले. एक बोल्ट आणि एक झाड चालेल. एकाच सैल दगडात ठोकलेले दोन बोल्ट म्हणजे एकच अँकर. दोन्हींकडून येणाऱ्या स्लिंग (जोडपट्ट्या) जिथे मिळतात तिथला कोन बघा. 60 अंशांत प्रत्येक बाजूवर भाराचा 58 टक्के ताण येतो, 120 अंशांत प्रत्येक बाजूवर पूर्ण 100 टक्के. स्लिंग आखूड पडली म्हणून कोन फाकवलेला आपल्याकडे नेहमी दिसतो.

रॅपलिंगमध्ये बघायच्या गोष्टी नवख्यालाही दिसतात :

उतरणाऱ्याला दोन दोर हवेत. एकावरून तो उतरतो, दुसरा सुरक्षा दोर वर बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर धरून पडणाऱ्याला थोपवणाऱ्याच्या, ताब्यात असतो. एकाच दोरावर मुलांना सोडत असतील, तर आपल्या मुलाला बाजूला घ्या.

कॅराबिनर (दोर आणि हार्नेस जोडणारी धातूची कडी) लॉक होणारा हवा आणि तो लॉक केलाय हे दुसऱ्या माणसाने हाताने दाबून तपासायला हवं. हार्नेसचा (कमरेला-मांड्यांना बांधायच्या साजाचा) पट्टा काही बकलांत उलटा परत ओवावा लागतो. तो ओवला नाही तर जमिनीवर घट्ट वाटतो आणि वजन आलं की सरकतो.

लांब केस, ओढणी, जॅकेटची लोंबती दोरी डिसेंडरमध्ये (उतरताना दोर ज्यातून सरकतो त्या ब्रेकमध्ये) ओढली जाते. मूल अर्ध्यावर अडकतं, वरही येत नाही, खालीही जात नाही. म्हणून मुख्य दोर वर असा बांधायचा की गरज पडली तर भारासकट सैल सोडून माणसाला खाली घेता येईल. ‘कुणी मधे अडकलं तर कसं काढाल?’ हे प्रशिक्षकाला सरळ विचारा. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेल्या माणसाची शुद्ध काही मिनिटांत हरपू शकते, त्यामुळे ‘बघू, काहीतरी करू’ हे उत्तर चालणार नाही.

हेल्मेट गिर्यारोहणाचं हवं, त्यावर ईएन 12492 असं युरोपीय मानक छापलेलं असतं. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट वरून पडणारा दगड थोपवेल, पण माणूस कड्यावर आडवा आपटला तर बाजूने फारसं वाचवत नाही, आणि हनुवटीचा पट्टा नसेल तर डोक्यावर राहतही नाही. दोरावर ईएन 1891 आहे का आणि तो कोणत्या वर्षी तयार झाला, हेही विचारा. उत्पादक साधारणपणे न वापरलेल्या दोरालाही 10 वर्षांची मर्यादा घालतात, आणि रोज शिबिरं घेणाऱ्याचा दोर त्याच्या कितीतरी आधी बाद व्हायला हवा. चांगल्या संस्थेकडे प्रत्येक दोराची वही असते.

प्रश्न (नाशिक) : पावसाळ्यात धबधब्यातून रॅपलिंग करतात. खाली ऊन असताना अचानक पाणी कसं वाढतं?

कारण पाऊस तुमच्या डोक्यावर पडत नसतो, घाटमाथ्यावर पडत असतो. कातळाच्या उघड्या सड्यावर पाणी मुरायला जागा नाही. पडलेलं सगळं ओढ्यात येतं आणि अरुंद घळीत त्याची पातळी झपाट्याने चढते. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटबाख ओढ्यात 27 जुलै 1999 ला हेच झालं. वरच्या भागात वादळी पाऊस झाला, घळीत लोंढा आला आणि कॅन्यनिंग (घळीतून पाण्याबरोबर खाली उतरणं) करणारे 21 जण गेले. त्यात 18 पर्यटक होते, 3 गाइड. न्यूझीलंडमध्ये 15 एप्रिल 2008 ला मांगाटेपोपो घळीत शाळेचे 6 विद्यार्थी आणि 1 शिक्षक बुडाले, तेही पावसाने चढलेल्या पाण्यातच. तिथली प्रशिक्षक कामावर नवीन होती.

दोन्हीकडे माणसं अशा ठिकाणी होती जिथून बाजूला निघायला वाट नव्हती. म्हणून धबधब्याच्या ठिकाणी पहिला प्रश्न ‘पाणी किती आहे’ हा नसतो. ‘पाणी वाढलं तर दहा मिनिटांत सगळे कुठल्या वाटेने बाहेर पडणार’ हा असतो. पाणी गढूळ होणं, काटक्या-पाला वाहत येणं, आवाज जड होणं, पाण्याबरोबर गार वारा येणं, यातली एकही खूण दिसली की लगेच निघायचं, त्यावर चर्चा नको. एक माणूस वर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला पहाऱ्याला हवा. धबधब्याजवळ हाका ऐकू जात नाहीत, त्यामुळे शिट्टीच्या खुणा आधी ठरवून सर्वांकडून म्हणवून घ्यायच्या. एक शिट्टी म्हणजे थांब, असं काहीही चालेल, पण ते ठरलेलं असलं पाहिजे.

प्रश्न (कोलाड राफ्टिंगला जाऊन आलेले वाचक, मुंबई) : राफ्ट उलटली नाही, तरी मित्राचा दात तुटला. असं कसं?

शेजाऱ्याच्या वल्ह्याने. वल्ह्याच्या वरच्या टोकाला टीच्या आकाराची मूठ असते. लाटेत माणूस घाबरला की ती मूठ सोडून राफ्टची दोरी पकडतो आणि मोकळी मूठ बाजूच्याच्या तोंडावर बसते. म्हणून ‘काहीही झालं तरी टी-ग्रिप सोडायची नाही’ ही सूचना पहिली. कोलाडच्या कुंडलिका नदीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटतं; ते ठरावीक वेळेलाच असतं, मग सगळ्या राफ्टची एकदम घाई होते आणि कापली जाते ती सुरुवातीची माहिती. पंधरा मिनिटांचं ब्रीफिंग तीन मिनिटांत उरकलं असेल, तर त्या दाताचं कारण तिथे आहे.

पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय पुढे आणि वर. वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका. पाऊल दगडात अडकलं तर मागचं पाणी माणसाला पुढे आडवा पाडतं, मग बुडायला गुडघ्याएवढं पाणीही पुरतं. लाइफ जॅकेट खांद्यांना धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : एप्रिलमध्ये किल्ल्यावर एकजण बडबडायला लागला आणि कोसळला. लीडरने पाणी पाजलं आणि लगेच खाली नेलं. बरोबर केलं का?

हेतू चांगला, क्रम उलटा. उन्हात श्रम करताना माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात धरायचा. शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं. आधी थंड करायचं, मग हलवायचं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, टाक्याचं असेल-नसेल ते पाणी सगळ्या अंगावर ओता आणि ताटाने, चटईने, मिळेल त्याने वारा घाला. थांबू नका. भान हरपलेल्याला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही.

कारण पुन्हा वेळापत्रकात सापडेल. काळा कातळ दुपारनंतरही तापलेला राहतो, त्यामुळे मार्च ते मे उघड्या किल्ल्यावर 10 नंतर चढाई नकोच. सहा तास साधं पाणी पीत राहणंही पुरेसं नाही, मीठ जातं ते वेगळं. ओआरएसचं एक पाकीट पूर्ण 1 लिटरमध्ये घाला. अर्ध्या बाटलीत टाकून ‘स्ट्राँग’ करू नका.

प्रश्न (सातारा) : आग्यामाशा उठल्या तर?

पळा, पण वाटेने. तोंड-डोळे झाका, हात झाडत बसू नका. कड्याच्या बाजूला धावून पडणारेही असतात. डंख नखाने किंवा कार्डाने ताबडतोब खरवडा, कारण काटा अंगात असेपर्यंत विषाची पिशवी रिकामी होत राहते. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, तर ती अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया. तिला अ‍ॅड्रिनलीनचं इंजेक्शन लागतं (मोठ्यांना 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत), नुसत्या अ‍ॅव्हिलने भागत नाही. माशा उठतात धुराने, दगड मारल्याने, गोंगाटाने. पोळ्याखाली चूल पेटवून पोहे करणारे ग्रुप अजून आहेत, म्हणून हे लिहावं लागतं.

प्रश्न (एका ट्रेकिंग ग्रुपचे आयोजक, कोल्हापूर) : आमच्याकडे आजवर मोठा अपघात नाही. खरचटणं, मुरगळणं चालायचंच. त्याच्या नोंदी ठेवून काय साधेल?

मोठा अपघात नाही, म्हणून तर नोंदी हव्यात. मोठ्या अपघातामागची कारणं बहुतेक वेळा किरकोळ घटनांमध्ये आधीच दिसलेली असतात.

इंग्लंडमधलं उदाहरण घ्या. लाइम बे इथे 22 मार्च 1993 ला कयाकिंगच्या सहलीत 4 शाळकरी मुलं गेली. वारा मुलांना समुद्रात खेचत होता, प्रशिक्षकांचा अनुभव तुटपुंजा होता, मदतीला सांगावा उशिरा गेला. पण त्याच्या आदल्या वर्षीच त्या केंद्राच्या दोन प्रशिक्षकांनी काम सोडताना सुरक्षिततेबद्दल लेखी इशारा दिला होता. पत्र व्यवस्थापनाकडे पोहोचलं, कारवाई झाली नाही. पुढे कंपनी आणि तिचा संचालक दोघेही दोषी ठरले आणि 1995 मध्ये मुलांच्या साहस केंद्रांसाठी परवान्याचा कायदा आला.

डेन्मार्कचे सुरक्षा-संशोधक येन्स रासमुसेन यांनी 1997 मध्ये मांडलेली पद्धत अशा अपघातांना लावून बघितली जाते. तिला ‘अ‍ॅक्सिमॅप’ म्हणतात. सर्वांत खाली साधनं आणि परिसर, त्यावर प्रत्यक्ष घटना आणि माणसं, त्यावर जागेवरची देखरेख, मग संस्थेचं व्यवस्थापन, मग नियामक आणि सर्वांत वर सरकारी धोरण. प्रत्येक पायरीवर काय झालं ते लिहून बाणांनी जोडायचं. ऑस्ट्रेलियात ‘अपलोड्स’ नावाची नोंदपद्धत याच पायावर उभी आहे, तीही खास गाइडसह होणाऱ्या उपक्रमांसाठी.

तुमच्यासाठी एक वही पुरे. समजा, रॅपलिंगच्या वेळी मुठीएवढा दगड खाली आला, कुणाला लागला नाही. लिहा : दगड कुणाच्या पायाने सुटला, खाली वाट बघणारे दोराच्या रेषेत का उभे होते, एकाचं हेल्मेट कपाळावरून मागे सरकलेलं होतं ते कुणी तपासायचं होतं, खालचा लीडर कुठे होता. तो फोटो काढत होता. का? कारण फोटोंचं काम त्यालाच दिलं होतं. का दिलं? कारण त्या दिवशी 45 जणांना 3 लीडर होते. आणि 45 का घेतले? 30 जणांत बसचा खर्च निघत नव्हता. दगडापासून बसच्या भाड्यापर्यंत आलात की वही कामाला लागली. ‘लीडरला समज दिली’ एवढंच लिहून पान बंद केलंत, तर पुढच्या महिन्यात दुसरा लीडर फोटो काढत असेल.

घटनेबरोबर वेळ, नेमकी जागा, चढ की उतार, सुरुवातीपासून किती तास झाले, अवयव, हवा आणि आदल्या रात्रीची झोप एवढं टिपा. आणि भागाकार करा. एका किल्ल्यावर 12 जणांचे घोटे मुरगळले आणि दुसऱ्यावर 4, एवढ्यावरून पहिला धोकादायक ठरत नाही. पहिल्यावर 1200 माणसं गेली असतील आणि दुसऱ्यावर 100, तर दर हजारी पहिल्यावर 10 आणि दुसऱ्यावर 40 येतात. घाई दुसऱ्या किल्ल्याबद्दल करायला हवी.

एक अट. नोंद करणाऱ्याला शिक्षा होणार असेल, तर वही कोरीच राहील.

प्रश्न (पनवेल) : ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशा फॉर्मवर सही केली की आयोजक मोकळे होतात का?

नाही. सहीने तुम्ही उपक्रमात मुळातच असलेला धोका मान्य करता. निष्काळजीपणाची जबाबदारी त्याने संपत नाही. हयगयीने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू शकतं. महाराष्ट्राचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची तरतूद आहे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

प्रश्न (अनेक वाचक) : डोंगरात अपघात झाला तर फोन कुणाला करायचा, काय सांगायचं?

112, रुग्णवाहिकेसाठी 108. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्रही आहे. त्याचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये जतन करा. पायथ्याच्या गावातल्या एका माणसाचा नंबरही घ्या, पहिली मदत बहुधा तिथूनच येते.

सांगायचं ते या क्रमाने : किल्ला आणि वाट, नकाशातले अक्षांश-रेखांश, किती जखमी, शुद्धीवर आहेत का, रक्तस्राव, स्ट्रेचर जाईल की दोर लागेल, सोबत किती जण, फोनची बॅटरी किती. फोन करणाऱ्याने मग ती जागा सोडायची नाही, रेंज तिथेच मिळालेली असते. बाकीच्यांनी आपले फोन बंद करून बॅटरी राखावी.